बॅकअप चालू आहे म्हणून काम थांबायला नको

पुण्याच्या शनिवार पेठेतलं डीटीपीचं दुकान घ्या, नाहीतर टिळक रोडवरचं सीएचं ऑफिस. कोणीतरी बाहेरची हार्ड डिस्क जोडतं, कामाचं फोल्डर उचलून तिच्यावर टाकतं, आणि पुढचा पाऊण तास सगळे हातावर हात ठेवून बसतात. वर्ड उघडत नाही. टॅलीत एक एन्ट्री टाकावी आणि चहा पिऊन यावं. मग "मशीन जुनं झालंय" असं ठरतं आणि प्रोसेसर बदलायची भाषा सुरू होते. त्याच वेळी टास्क मॅनेजर उघडून पाहिलं तर सीपीयू दहा-बारा टक्क्यांवर निवांत असतो आणि डिस्क शंभर टक्क्यांवर असते.

दुखणं तिथंच आहे. फिरत्या हार्ड डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात. लॅपटॉपच्या आणि खिशात मावणाऱ्या डिस्कच्या बहुधा ५४००. ७२०० धरले तर एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो तुकडा हेडखाली (वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा, आणि त्याआधी हेडला योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी ८-९ मिलिसेकंद. एका उडीत १२-१३ मिलिसेकंद गेले की सेकंदाला जेमतेम ७५-८० उड्या होतात. सलग वाचायचं असेल तेव्हा हीच डिस्क सेकंदाला १५० एमबी देते. विखुरलेले ४ केबीचे तुकडे मागितले की ३०० केबीच्या आसपास येते. एमबी नव्हे, केबी. बॅकअपला सलग वाचायचं असतं आणि वर्डला मधेच आपला तुकडा हवा असतो. हेड दोघांच्या मधे धावत राहतं आणि दोघंही रखडतात.

म्हणजे प्रश्न रांगेचा आहे. बॅकअपला रांगेत मागे उभं करायचं आणि मुळात त्याच्याकडून रांगेत कमी कामं येतील असं बघायचं. नवा प्रोसेसर या रांगेला काही करू शकत नाही.

आधी रांग बघा

टास्क मॅनेजरमध्ये "परफॉर्मन्स", तिथून "ओपन रिसोर्स मॉनिटर", मग "डिस्क" हा टॅब. "डिस्क ॲक्टिव्हिटी"च्या तक्त्यात शेवटचे दोन रकाने महत्त्वाचे: "आय-ओ प्रायॉरिटी" (डिस्कच्या रांगेतला मान) आणि "रिस्पॉन्स टाइम" (उत्तर मिळायला लागलेला वेळ). बॅकअप चालू असताना फिरत्या डिस्कवर रिस्पॉन्स टाइम १०-२० मिलिसेकंदांत राहिला तर काम सुरळीत चालतं. तो शंभराच्या पुढे टिकून राहिला की माउस गोल फिरायला लागलाच म्हणून समजा. रिस्पॉन्स टाइमच्या रकान्याच्या डोक्यावर टिचकी मारून उतरत्या क्रमाने लावलं की रांग कोण अडवतंय ते फाइलच्या नावासकट दिसतं. पुष्कळदा तो बॅकअप नसतोच. त्याच वेळी सुरू झालेलं अँटिव्हायरसचं स्कॅन असतं.

बॅकअप नसताना, कोणी काहीच करत नसतानाही आकडा शेकड्यांत जात असेल तर डिस्कच आजारी आहे. इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे विंडोजची नोंदवही, तिच्या "सिस्टिम" नोंदींमध्ये क्रमांक ७, १२९ किंवा १५३ दिसतात का पाहा. ७ म्हणजे खराब सेक्टर, १२९ म्हणजे डिस्क उत्तर देईना म्हणून तिला रीसेट करावं लागलं, १५३ म्हणजे तेच काम पुन्हा करून पाहावं लागलं. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये "करंट पेंडिंग सेक्टर" शून्याच्या वर असेल तर गतीचा विचार सोडा आणि महत्त्वाच्या फाइली आधी बाहेर काढा. फक्त "सीआरसी एरर" (डेटा वाटेत बिघडल्याच्या नोंदी) वाढत असतील तर डिस्क ठीक आहे, तिला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदला.

केबल आणि पोर्ट

यूएसबी २.० वरून प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० एमबी मिळतात. २०० जीबीला दीड तासाहून जास्त. यूएसबी ३.० वर साधी फिरती डिस्कसुद्धा सेकंदाला १०० एमबीच्या वर जाते, म्हणजे तेच काम अर्ध्या तासात. रांग अडण्याचा वेळ तितकाच कमी.

इथं एक फसगत फार होते. खिशातल्या डिस्कचं तोंड रुंद असतं, दोन भागांचं. त्यातल्या मोठ्या भागात जुन्या मोबाइलची साधी मायक्रो केबल अगदी बेमालूम बसते, डिस्क चालूही होते, आणि चालते यूएसबी २.० च्या गतीनं. मूळ केबल हरवली म्हणून ड्रॉवरमधली दुसरी लावली, तेव्हापासून बॅकअप रेंगाळतोय, याचं कारण बहुतेक हेच. तपकीर गल्लीत केबल घ्यायला जाताना डिस्क बरोबर न्या. केबलच्या दुसऱ्या टोकात डोकावून आत मागच्या बाजूला आणखी पाच पत्रे आहेत का ते पाहा. प्लास्टिक निळं आहे एवढ्यावर विसंबू नका.

असेंबल केलेल्या पीसीत पुढच्या पोर्टपेक्षा मागचा पोर्ट बरा. पुढच्या पोर्टला आतून बारीक वायर असते आणि डिस्क फिरायला लागली की तिथं वीज कमी पडते. यूएसबी २.० चा पोर्ट नियमानुसार ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. डिस्क "टिक... टिक" करून गायब होत असेल तर पहिला संशय इथं घ्या.

आणि एकाच हार्ड डिस्कचे सी आणि डी असे भाग पाडून सीचा बॅकअप डीवर घेत असाल तर ते आजच बंद करा. एकच हेड वाचतंय आणि लिहितंयही, म्हणजे धावपळ दुप्पट. आणि डिस्क गेली की दोन्ही जाणार.

एक्सप्लोररऐवजी रोबोकॉपी

फोल्डर ओढून टाकलं की एक्सप्लोरर रोज सगळंच नव्यानं लिहितो, नाहीतर प्रत्येक फाइलला "बदलू का?" विचारत बसतो. रोबोकॉपी विंडोजमध्येच असतं, वेगळं काही बसवायला लागत नाही, आणि आकार व वेळ ताडून फक्त बदललेल्या फाइली घेतं. पहिल्या दिवशी २०० जीबी जातील, दुसऱ्या दिवसापासून दोन-तीन. रांगेतली गर्दी कमी करायचा याहून मोठा उपाय नाही.

नोटपॅडमध्ये पुढच्या ओळी लिहून बॅच फाइल (नावाच्या शेवटी .बीएटी) करायची. कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. इथं उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. डीवर काम आहे आणि बाहेरची डिस्क एक्स आहे असं धरलंय. सीवर लॉग नावाचं फोल्डर आधी करून ठेवा.

इफ नॉट एक्झिस्ट एक्स:\खूण.टीएक्सटी एक्झिट /बी ९९

रोबोकॉपी डी:\काम एक्स:\काम /ई /एक्सजे /मॅक्स:५२४२८७९९ /आर:१ /डब्ल्यू:२ /एनपी /लॉग:सी:\लॉग\लहान.टीएक्सटी

रोबोकॉपी डी:\काम एक्स:\काम /ई /एक्सजे /मिन:५२४२८८०० /जे /आर:१ /डब्ल्यू:२ /एनपी /लॉग:सी:\लॉग\मोठ्या.टीएक्सटी

एकाच कामाच्या दोन फेऱ्या का, तर /जे साठी. हा स्विच फाइल विंडोजच्या कॅशमधून (रॅममधल्या तात्पुरत्या साठ्यातून) न नेता थेट नेतो. मोठा व्हिडिओ किंवा ३ जीबीची फोटोशॉप फाइल कॅशमधून गेली की ती रॅम व्यापते आणि तुम्ही वापरत असलेल्या प्रोग्रॅमचा भाग बाहेर ढकलला जातो. बॅकअप संपल्यावरही पाच मिनिटं सगळं जड वाटतं ते त्यामुळे. शिवाय कॅशमधून मागाहून होणारं लेखन रिसोर्स मॉनिटरमध्ये "सिस्टिम"च्या नावावर दिसतं, रोबोकॉपीच्या नाही, म्हणजे त्याला रांगेत मागे उभं करायची सोय राहत नाही. पण हजारो लहान फाइलींना /जे लावला तर काम उलट मंदावतं. म्हणून ५० एमबीची रेघ मारून दोन फेऱ्या.

/आर आणि /डब्ल्यू विसरलात तर मजा आहे. रोबोकॉपीचा मूळ स्वभाव असा की एखादी फाइल उघडी असेल तर दहा लाख वेळा पुन्हा प्रयत्न करायचा, दर वेळी ३० सेकंद थांबून. हिशेब केला तर ३४७ दिवस होतात. "बॅकअप रात्रभर चालूच होता" या तक्रारीमागे कोणीतरी उघडी ठेवलेली एक एक्सेल फाइल असते.

/एक्सजे विंडोजमधल्या, दुसऱ्याच फोल्डरकडे बोट दाखवणाऱ्या जोडफोल्डरांपासून वाचवतो, नाहीतर यूजरच्या फोल्डरचा बॅकअप स्वतःच्याच शेपटीमागे गोल फिरत राहतो. नको ती फोल्डरं /एक्सडी लावून वगळा: टेम्प, ब्राउझरची कॅश, आणि हिंजवडीच्या आयटीवाल्या मंडळींसाठी त्यांच्या प्रोजेक्टमधलं नोड-मॉड्यूल्स. त्या एका फोल्डरात इतक्या बारीक फाइली असतात की बाकीचा सगळा बॅकअप त्याच्यापेक्षा लवकर होतो, आणि ते पुन्हा डाउनलोड करता येतंच.

सल्ले देणारे बरेच जण /एमटी:३२ लावायला सांगतात. बत्तीस फाइली एकदम. एसएसडीवरून (न फिरणाऱ्या डिस्कवरून) एसएसडीवर जायचं असेल आणि समोर कोणी बसलेलं नसेल तर लावा. फिरत्या डिस्कवर हेड एकच असतं, त्याला बत्तीस जणांनी हाक मारून काय होणार? इथं /एमटी अजिबात नको. /झेडही नको, तो तुटणाऱ्या नेटवर्कसाठी आहे, घरच्या डिस्कवर नुसता वेळ खातो.

पहिल्या ओळीतली "खूण.टीएक्सटी" ही रिकामी फाइल बॅकअपच्या डिस्कवर एकदाच करून ठेवायची. डिस्क जोडलेली नसेल, किंवा एक्स हे अक्षर कोणाच्या तरी पेन ड्राइव्हला गेलं असेल, तर काम तिथंच थांबतं. /मिर वापरणाऱ्यांना तर ही ओळ हवीच. /मिर म्हणजे मूळ ठिकाणी जे नाही ते बॅकअपवरूनही पुसणं. चुकीच्या डिस्कवर चालला तर तिथलं त्या फोल्डरातलं सगळं साफ. रोजच्या कामाला /ई (आतली सगळी फोल्डरं घेणारा) पुरे. /मिर चालवायचाच असेल तर आधी /एल लावून नुसती यादी पाहावी. डिस्कचं अक्षर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन एक्स असं पक्कं करून टाका.

बॅकअपची डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली असू द्या. एफएटी-३२ मध्ये ४ जीबीच्या वरची फाइल जात नाही आणि वेळेची नोंद दोन सेकंदांच्या टप्प्यानं होते, म्हणून न बदललेल्या फाइलीही रोज नव्या वाटतात. तशी डिस्क वापरणं भागच असेल तर /एफएफटी जोडा.

टास्क शेड्युलर: खरी युक्ती इथं

बॅच फाइलवर डबल क्लिक केलं तर रोबोकॉपी बाकीच्यांच्या बरोबरीनं रांगेत उभं राहतं. "स्टार्ट /लो" लावून चालवलं तरी फक्त सीपीयूतला मान कमी होतो, डिस्कच्या रांगेतला नाही; आणि सीपीयू तर रिकामाच होता. टास्क शेड्युलर म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करायची विंडोजची सोय; तिथून सुरू झालेल्या कामाला मात्र विंडोज आपणहून ७ हा अग्रक्रम देतं, आणि त्यात डिस्कचा क्रमही खाली जातो. हा आकडा पडद्यावर कुठे दिसत नाही. टास्क एक्स्पोर्ट करून एक्सएमएल फाइल उघडली की आत असतो. त्याला हात लावू नका.

टास्क शेड्युलर उघडा आणि "क्रिएट टास्क" घ्या. शेजारचं "क्रिएट बेसिक टास्क" नको. "ट्रिगर्स"मध्ये रोजची वेळ. पेठांमधलं दुकान असेल तर दुपारी सव्वाएक ही उत्तम वेळ: दुपारच्या बंद दुकानांवर विनोद पुष्कळ झाले, बॅकअपला मात्र ती सवय सोन्यासारखी आहे. "ॲक्शन्स"मध्ये बॅच फाइल. "कंडिशन्स"मध्ये "एसी पॉवर" वरची टिक लॅपटॉपसाठी राहू द्या. "सेटिंग्ज"मध्ये "चुकलेली वेळ जमेल तितक्या लवकर भरून काढा" अशा अर्थाचा पर्याय आहे, तो टिक करा. पुण्यात गुरुवार हा वीज जाण्याचा वार, त्या दिवशी सव्वाएकला मशीन बंदच असण्याची शक्यता. मधेच वीज गेली तरी अर्धवट राहिलेली फाइल पुढच्या फेरीत पुन्हा घेतली जाते.

ज्या खात्याला पासवर्ड नाही त्यावर "लॉग-इन असो वा नसो, चालवा" हा पर्याय चालत नाही. मग "लॉग-इन असतानाच" ठेवा. काळी खिडकी उघडेल, ती कोणी बंद करू नये म्हणून सगळ्यांना सांगून ठेवा.

आता टास्क हातानं "रन" करून रिसोर्स मॉनिटर पाहा. रोबोकॉपीच्या ओळीत "नॉर्मल"च्या जागी "लो" किंवा "बॅकग्राउंड" दिसलं की जमलं. वर्ड उघडा. त्याच्या वाचनाला वाट मिळते आणि रोबोकॉपी मागे थांबतं. समोर कोणी काम करत नसेल तर बॅकअपची गती फारशी पडत नाही.

दुसऱ्या दिवशी "लास्ट रन रिझल्ट"मध्ये ०एक्स१ दिसेल आणि घाबरायला होईल. रोबोकॉपीत ० म्हणजे नवं काही नव्हतं, १ म्हणजे फाइली नेल्या. ७ पर्यंत सगळं ठीक, ८ किंवा वर असेल तर काहीतरी राहिलं. ०एक्स६३ आलं तर ते सोळाच्या मोजणीत लिहिलेलं आपलंच ९९ आहे: खुणेची फाइल सापडली नाही, डिस्क जोडा. दिसणारा आकडा दुसऱ्या फेरीचा असतो, म्हणून लहान फाइलींच्या लॉगच्या शेवटच्या आठ-दहा ओळी आठवड्यातून एकदा नजरेखालून घाला. "फेल्ड"च्या रकान्यात शून्य हवं.

उघड्या फाइली या मार्गानं जात नाहीत, लॉगमध्ये "एरर ३२" अशी नोंद येते. टॅलीचा डेटा चालू असताना असा उचलूही नये: काही फाइली आधीच्या, काही नंतरच्या अशी खिचडी होते. टॅलीच्या स्वतःच्या बॅकअपनं आधी डी:\काम मध्ये प्रत काढायची, मग ती प्रत रोबोकॉपी घेऊन जाईल. आउटलुकची पीएसटी (मेल साठवणारी फाइल) असेल तर सव्वाएकच्या आधी आउटलुक बंद करायची सवय लावा.

बाकीचे पाय अडवणारे

अँटिव्हायरस पुण्याचंच क्विक हील असो की विंडोजबरोबर येणारं डिफेंडर, वाचली जाणारी प्रत्येक फाइल ते तपासतं. ते बंद करू नका. पूर्ण स्कॅनची वेळ तेवढी बदला, कारण "दुपारी कोणी नसतं" हे स्कॅन लावणाऱ्यालाही सुचलेलं असतं.

झिप करून बॅकअप घेणाऱ्यांचा सीपीयू मात्र खरोखरच भरतो. सेव्हन-झिप सगळे कोअर घेतं; "नंबर ऑफ सीपीयू थ्रेड्स" दोनवर आणा. जेपीजी, व्हिडिओ, पीडीएफ आधीच दाबलेले असतात, त्यांना "स्टोअर" लावा.

पाच-दहा सेकंद सगळं थिजतं आणि मग आपोआप सुटतं, असं होत असेल तर बाहेरची डिस्क झोपेतून उठतेय. पॉवर ऑप्शन्समध्ये "टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर" शून्य करा, किंवा बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा. दुसरंच जास्त चांगलं. जोडलेली डिस्क व्हायरसलाही सापडते.

बॅकअप सुरुवातीला पळतो आणि वीस-तीस जीबीनंतर १०-१५ एमबीवर येतो, हेही नेहमीचं. खिशातल्या बऱ्याच डिस्कमध्ये पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात. एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. आधी राखीव जागेत पटापट लिहून घेतात, ती भरली की रखडतात. पहिला मोठा बॅकअप म्हणून रात्री घ्या, रोजच्या दोन-तीन जीबीला हे जाणवणार नाही.

डीव्हीडी लिहिणारे अजून आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. ४.७ जीबीची चकती विंडोजच्या मोजणीत ४.३८ जीबी भरते. १६-एक्सला ड्राइव्हला सेकंदाला २२ एमबी अखंड लागतात, आणि हजारो लहान फाइली असतील तर फिरती डिस्क तेवढा पुरवठा करू शकत नाही. आधी आयएसओ (सगळ्या चकतीची मिळून एक फाइल) बनवा, ती एकच सलग फाइल ८-एक्सला लिहा, म्हणजे ११ एमबी पुरतात आणि शेजारी काम करता येतं.

उबंटूवर (लिनक्सवर) रोबोकॉपीच्या जागी आरसिंक: नाइस -एन १९ आयओनाइस -सी ३ आरसिंक -ए --बीडब्ल्यूलिमिट=३००००, पुढे दोन्ही फोल्डरं. शेवटचा आकडा केबीमध्ये, म्हणजे सेकंदाला साधारण ३० एमबीची मर्यादा. डिस्कच्या रांगेत मागे उभं करतं ते आयओनाइस, पण त्याचं ऐकणारा शेड्युलर (रांग सांभाळणारा भाग) लागतो; /सिस/ब्लॉक/एसडीए/क्यू/शेड्युलर ही फाइल वाचा, चौकटी कंसात बीएफक्यू असेल तर उत्तम, "नन" असेल तर आयओनाइस लिहून न लिहून सारखंच, मर्यादेवरच भिस्त ठेवा. पेन ड्राइव्हवर फाइल क्षणात शंभर टक्के होते आणि मग सगळं अडकतं, त्याचं कारण वेगळं: लिनक्स मोकळ्या रॅमच्या २० टक्क्यांपर्यंत न लिहिलेला डेटा साठू देतं. १६ जीबी रॅमवर तो ३ जीबीच्या आसपास होतो, सेकंदाला १० एमबी लिहिणाऱ्या पेन ड्राइव्हला त्याला पाच मिनिटं लागतात. सिसकंट्रोलमध्ये (लिनक्सच्या आतल्या सेटिंगांत) व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स ६७१०८८६४ आणि व्हीएम.डर्टी_बाइट्स २६८४३५४५६ करा, साठा २५६ एमबीच्या पुढे जाणार नाही.

काम झालं, आणि "सेफली रिमूव्ह" म्हणतंय की डिस्क वापरात आहे. ओढून काढू नका. इव्हेंट व्ह्यूअरच्या "सिस्टिम"मध्ये "कर्नल-पीएनपी"ची २२५ क्रमांकाची नोंद पाहा. डिस्क कोणत्या प्रोग्रॅमनं धरून ठेवलीय त्याचं नाव तिथं लिहिलेलं असतं. तो बंद करा आणि पुन्हा काढा.